चॅरिटी ट्रेकला निघालात? मग खोलीबद्दल आधी बोलून घ्या

चॅरिटी ट्रेक म्हणजे डोंगर चढायचा आणि त्या निमित्ताने एखाद्या संस्थेसाठी देणग्या जमवायच्या. त्या मागताना 'कडाक्याची थंडी', 'खडतर वाट', 'जिवाची कसोटी' हे शब्द सढळ हाताने वापरा. लोकांचे खिसे त्यानेच सैल होतात. विमानात बसलात की मात्र ते सगळे विसरा आणि मुक्कामी पोचल्यावर पहिला प्रश्न विचारा : गरम पाण्याचा शॉवर कुठंय?

एकट्याने नाव नोंदवलं असेल तर आयोजक तुमची जोडी कुणातरी अनोळखी माणसाशी लावतील. बाई असाल तर बाईशी, पुरुष असाल तर पुरुषाशी. गुण जुळवून बघत नाहीत. जादा पैसे भरून स्वतंत्र खोली शहरातल्या हॉटेलात मिळते, वर डोंगरात मिळेलच असं नाही. ही अट सहीच्या कागदावर असते, म्हणून तो कागद वाचू नका. इअरप्लगही नेऊ नका. जोडीदाराच्या घोरण्याशिवाय नाश्त्याला बोलणार काय?

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे बाजारला, ३४४० मीटरवर, बाथरूम जोडलेली खोली मिळू शकते. तिचीच सवय लावून घ्या. पुढे गोरक शेपला, ५१६४ मीटरवर, दोन खोल्यांमध्ये प्लायवूडची एक फळी असते आणि पलीकडच्याचा खोकला अलीकडे स्पष्ट ऐकू येतो. ऊब फक्त जेवणघरात. मधली लोखंडी शेगडी याकच्या शेणाच्या गोवऱ्यांवर संध्याकाळी तेवढी पेटते. शौचालयाच्या पिंपात पहाटे बर्फाचा थर जमतो, तो मगाने ठोकून फोडायचा. फोन चार्ज करायचे, आंघोळीचे पैसे वेगळे, आणि उंचीबरोबर ते वाढत जातात, कारण वरचा बहुतेक माल माणसाच्या नाहीतर याकच्या पाठीवरून येतो. या कारणात शिरू नका, सरळ हुज्जत घाला.

आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावर मारांगू वाटेला बंकबेडच्या झोपड्या आहेत, बाकी वाटांवर तंबू. दोघांचा तंबू म्हणजे दोन मॅट शेजारी-शेजारी, आणि उरलेल्या जागेत दोन डफल बॅगा. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा, जाळ्या घट्ट बंद करा. रात्रभर दोघांच्या श्वासाची वाफ आतल्या कापडावर गोठेल आणि पहाटे कुणाचं तरी डोकं छताला लागलं की तो सगळा चुरा दोघांच्या तोंडावर पडेल. जमीन उतरती असली तर पाय वर आणि डोकं खाली करून झोपा. डोकेदुखी फुकट मिळते. स्लीपिंग बॅगच्या लेबलवर तापमानाचे आकडे असतात, त्यातला सर्वांत खालचा बघून खरेदी करा. तो झोप लागण्याचा आकडा नसून कसंबसं तगून राहण्याचा असतो, पण दुकानात तोच भारदस्त दिसतो.

आता नाजूक विषय. उंचीवर शरीर लघवी जास्त तयार करतं, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घेत असाल तर आणखीच. अनुभवी माणसं लिटरभराची रुंद तोंडाची बाटली जवळ ठेवतात आणि तिला चिकटपट्टी गुंडाळतात, म्हणजे अंधारात हाताला फरक कळावा. तुम्ही हुबेहूब पाण्याच्या बाटलीसारखी आणा, पट्टी लावू नका. नाहीतर हेडलॅम्प बॅगेच्या तळाशी ठेवून बाहेर पडा. तंबूचे ताणलेले दोर तुम्हाला बरोबर शोधून काढतील.

एवढं सोसल्यावर चांगल्या हॉटेलचा आग्रह धरायला तुम्ही मोकळे आहात. ट्रेकचा खर्च स्वतःच्या खिशातून भरला असेल तर गोष्ट वेगळी. तो जमवलेल्या देणग्यांतूनच वजा होणार असेल, तर हॉटेलचा चढलेला प्रत्येक तारा संस्थेच्या वाट्यातून जाईल. पण आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हायची संधी रोज थोडीच येते!

आणि हो, जेवणाच्या तंबूत रात्री उशिरापर्यंत गप्पा मारत बसा. किलिमांजारोवर तुमचं सामान वाहणारे बरेच पोर्टर त्याच तंबूत झोपतात. तुम्ही उठून टेबल-खुर्च्या बाजूला झाल्याशिवाय त्यांना पथारी पसरता येत नाही. थांबतील थोडं बाहेर. गरजूंना मदत कशी पोचवावी यावर आत एवढी रंगलेली चर्चा मध्येच कशी सोडणार?