सोबत कोणीतरी असतंच ना?

परवा फॅमिली ग्रुपवर जुंपली. कोणीतरी फुटपाथवरच्या पिवळ्या खडबडीत टाइल्सचा फोटो टाकला, त्यांच्यावर बाइका लावलेल्या, आणि खाली चर्चा बाइकांची नाहीच, टाइल्सचीच. "एवढा पैसा कशाला घालवायचा, आंधळी माणसं एकटी फिरताना दिसतात का कुठे? सोबत कोणीतरी असतंच ना!" मग भाच्याने लिंक टाकली, आता एआयचे चष्मे आलेत, समोर काय आहे ते बोलून सांगतात, टाइल्स आणि काठ्या आता आउटडेटेड. या ग्रुपमध्ये मीही आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, हळूहळू नजर जाण्याचा डोळ्यांचा आजार. नाकासमोरचं दिसतं, बाजूचं नाही, अंधार पडला की काहीच नाही. मी मोबाइल वाचते आणि हातात पांढरी काठी असते, त्यामुळे इथे ब्रिटनमध्येसुद्धा बसमध्ये लोक बघत राहतात, ही नाटक तर करत नाही ना म्हणून. तेव्हा इथे सगळे देवमाणूस आहेत असं मी म्हणत नाहीये.

पण इथल्या रस्ता ओलांडायच्या सिग्नलवरचा पिवळा डबा घ्या. बटणाच्या डब्याखाली बोटं घातली की एक छोटासा खाचांचा शंकू लागतो. हिरवा माणूस लागला की तो गरगर फिरतो. बस, एवढंच. ट्रकचा आवाज असो, पाऊस असो, कानावर टोपी असो, बोटाला कळतं की आता जायचं. शेजारी उभ्या डोळस माणसाला तो तिथे आहे याचा पत्ताही नसतो, माझा नवरा इतकी वर्षं तेच बटण दाबत होता आणि शंकू त्याला मी दाखवला.

आणि त्या टाइल्स काही गोऱ्यांची कमाल नाही. जपानच्या सेइची मियाके यांनी 1965 मध्ये त्या शोधल्या, नजर जात चाललेल्या मित्रासाठी, आणि 1967 मध्ये ओकायामात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. पट्ट्या म्हणजे चला, गोळे म्हणजे थांबा. दोनच अक्षरांची लिपी, पण आपल्याकडे कंत्राटदार ती न शिकताच लिहितो, पट्ट्या सरळ जाऊन विजेच्या खांबाला भिडतात नाहीतर मध्येच गायब होतात. मग म्हणायचं कोणी वापरत नाही. कपाळ फोडून घ्यायला कोण येणार? रस्ता असा ठेवायचा की कोणाची बाहेर पडायची छाती होऊ नये, आणि बाहेर पडत नाहीत हाच पुरावा म्हणून दाखवायचा! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला पाच वर्षांची मुदत होती, ती कधीच उलटली, त्यावर ग्रुपवर कोणी काही बोलत नाही.

चष्म्याचं म्हणाल तर मी वापरलाय. पाकिटावरची अक्षरं वाचायला, खोलीत कोण बसलंय विचारायला मस्त आहे. पण उघडं गटार तो मला पाय आत जायच्या आधी सांगेल यावर मी पैज लावणार नाही, आणि बॅटरी संपली की तो नुसता चष्मा. 2014 मध्ये आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन आली, आपल्याच मुलांनी केलेली, ती गुडघ्याच्या वरचे अडथळे तीन मीटरपर्यंत ओळखून हाताला थरथर देते. ते यंत्र साध्या काठीवरच बसवतात, कारण खालचा खड्डा शोधायचं काम काठीचंच. मला काठी शिकवायला काउन्सिलची रिहॅब ऑफिसर आली (वेटिंग लिस्ट संपता संपेना, ते वेगळं), तिने रस्त्यावर घोकून घेतलं, डावा पाय पुढे तर टोक उजवीकडे, उजवा पुढे तर डावीकडे, खांद्यांपेक्षा थोडं जास्त रुंद. तेव्हापासून मी कामावर एकटी जाते. बिन डेला, म्हणजे कचरा उचलायच्या दिवशी, सगळा फुटपाथ कचऱ्याच्या डब्यांनी भरलेला असतो, फुटपाथवरच्या ई-स्कूटरवाल्यांना मी मराठीत शिव्या देते, पण जाते.

आता जे ग्रुपवर लिहिलं नाही ते. भारतात उतरले की माझी काठी घडी होऊन पर्समध्ये जाते. कोणी सांगत नाही, मीच घालते. इथे कोणी न विचारता दंड धरला तर मी झटकून टाकते, आणि तिथे आत्या हात धरून "पायरी आहे गं" म्हणते तेव्हा मला इतकं बरं वाटतं की पायरी काठीने आधीच सापडली असती हे मी तिला सांगत नाही. इथे "पायरी आहे गं" म्हणणारं कोणी नाही. म्हणजे तिकडच्या रस्त्यावर एकटी फिरताना मीही कोणाला दिसलेली नाही, त्या बिचाऱ्यांचं वाक्य माझ्यापुरतं खरंच आहे, आणि राग आला तो बहुतेक त्याचाच.

फक्त आत्याचे गुडघे आता गेलेत. मागच्या वेळी जिन्यात कोण कोणाला धरतंय हेच कळत नव्हतं. ते "कोणीतरी" बहुतेक घरांत बायको असते, बहीण असते, आई असते, तिची नोकरी असते, तिचं आजारपण असतं, आणि तिला वेळ नसेल त्या दिवशी मी बँकेत जायचं नाही का? भाच्याला मी हे फोन करून विचारणार आहे, ग्रुपवर नको.