बंदूक आली आणि शिरस्त्राण गेलं? असं झालं नाही

"युरोपात बंदूक आली आणि लोखंडी शिरस्त्राण निकालात निघालं. पुढे ते फक्त सरदारांना मिरवायला उरलं. साधा शिपाई त्याविनाच लढायचा." मोरियन नावाचं शिरस्त्राण घातलेल्या कोर्तेसच्या, म्हणजे मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानीच्या, चित्रासकट हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. यातलं जवळपास काहीच टिकत नाही.

आधी सरदारांचं बघू. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात 1640च्या दशकात बांधलेलं शस्त्रागार आजही उभं आहे. आत सुमारे 32 हजार वस्तू आहेत. ऑटोमन (तुर्की) फौजांशी लढायला निघालेल्या साध्या शिपायांना वाटायचा हा साठा, त्यात शिरस्त्राणांच्या रांगाच्या रांगा. न्यूरेंबर्गसारख्या शहरांत असा माल घाऊक बनायचा. सरदाराच्या शिरस्त्राणावर नक्षी आणि सोन्याचा मुलामा असे. शिपायाच्या शिरस्त्राणावर हातोड्याच्या खुणा तशाच ठेवून वरून काळा रंग फासत; घासून चकचकीत करायची मजुरी वाचे आणि गंजही लवकर धरत नसे. काठालगत रिव्हेटची ओळ दिसते. तिने आतली पट्टी धरलेली असे आणि त्या पट्टीला जाड अस्तर शिवत. संग्रहालयात पोचेपर्यंत ते अस्तर बहुधा कुजून गेलेलं असतं, म्हणून बघणाऱ्याला नुसतं पत्र्याचं भांडं दिसतं.

आता बंदूक. जवळून झाडलेली मस्केटची, म्हणजे त्या काळच्या पायदळी बंदुकीची, गोळी असं शिरस्त्राण फोडायची, हे मान्य. पण त्याच रणांगणावर भाले होते, घोडेस्वारांच्या तलवारी होत्या, आणि गोलसर पत्र्यावरून तलवारीचा वार घसरतो. इंग्लंडच्या यादवी युद्धात (1642 ते 1651) भालेकरी आणि घोडेस्वार शिरस्त्राण वापरत. मस्केटवाले बहुतेक फेल्टच्या हॅटवर भागवत. 1683 साली व्हिएन्नाला तुर्कांशी लढताना हाब्सबर्ग (ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या) घोडदळाकडे मानेवर एकावर एक पत्रे बसवलेलं शिरस्त्राण होतं, तेही तुर्की घाटावरून घेतलेलं. पायदळातून शिरस्त्राण हटलं ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बंदुकीच्या टोकाला लावायची संगीन येऊन भालेकऱ्यांची गरजच संपत चालली तेव्हा. 1915 मध्ये फ्रान्सने पायदळाला पुन्हा पोलादी एड्रियन शिरस्त्राण दिलं. तेही रायफलच्या गोळीला पुरत नव्हतं. तोफगोळ्यांच्या उडणाऱ्या तुकड्यांसाठी होतं. गोळी अडत नाही म्हणून शिरस्त्राण निरुपयोगी, हा तर्कच चुकीचा आहे.

राहिलं चित्र. कोर्तेसने मेक्सिको घेतला 1519 ते 1521 मध्ये. मधोमध उंच कंगोरा असलेलं मोरियन रूढ झालं सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, आणि तेही एकट्या स्पेनचं नव्हतं. कोर्तेसच्या माणसांकडे असलीच तर जुन्या घाटाची शिरस्त्राणं असणार. त्यांच्यातल्या अनेकांनी तर मेक्सिकोतलंच कापूस भरलेलं चिलखत अंगात चढवलं होतं.