आकडा कसा लावावा

पूर्वी मटक्याचा आकडा लावायला कोपऱ्यावरच्या टपरीत जावं लागे. आता चार इस्त्रीचे शर्ट, एक लॅपटॉप आणि 'क्षमताबांधणी' हा शब्द न अडखळता म्हणता आला की तुम्ही गरीब देशांची सांख्यिकी व्यवस्था बळकट करायला निघू शकता. ओपन पॅरिसला लावायचा. क्लोज लागला की नाही ते बघायला आपण थांबायचं नसतं.

पॅरिसलाच का? संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक, नाणेनिधी अशा थोरामोठ्यांनी १९९९ साली याच कामासाठी 'पॅरिस २१' नावाची भागीदारी काढली आणि तिचं बिऱ्हाड तिथेच आहे. २१ म्हणजे एकविसावं शतक. बारसं झालं तेव्हा ते लागायचं होतं, आता त्यातला पाव हिस्सा सरला. तेव्हा घाई करू नका.

पहिलं काम, धोरण. देशात मोजायला माणसं नसली तरी चालेल, 'राष्ट्रीय सांख्यिकी विकास धोरण' हवंच. दुसरं काम, घोषणा. ती गावाच्या नावाने ओळखली गेली पाहिजे. माराकेशचा आराखडा २००४चा, बुसानचा २०११चा, केपटाऊनचा २०१७चा, मग दुबई, बर्न, हांगझोऊ आणि २०२४ मध्ये मेडेलिन. वाचताना अष्टविनायक आठवले तर तुमचा दोष नाही (सातच झालेत, आठवा होईलच). जगभरच्या विकास-मदतीतला अर्धा टक्कासुद्धा आकडेवारीच्या वाट्याला येत नाही, हे या यात्रेत मोठ्या तळमळीने सांगितलं जातं. जेवणाच्या आधी.

मग त्या देशाच्या हाती यादी ठेवा. शाश्वत विकासाची उद्दिष्टं १७, लक्ष्यं १६९, निर्देशक दोनशे तीसहून जास्त. लग्नात वरपक्षाची यादी असते ना, तशी. वधूपक्षाला काय मोजायची गरज आहे, हे विचारायची पद्धत नाही.

पाहणी करायची तर स्वतःच्या पैशाने करा आणि किल्ली स्वतःच्या कनवटीला ठेवा. अमेरिकेने हे फार छान करून दाखवलं. १९८४ पासून त्यांच्या पैशावर लोकसंख्या आणि आरोग्याच्या पाहण्या नव्वदहून जास्त देशांत झाल्या. बाळंतपणात किती बायका दगावतात, किती मुलं पाच वर्षांची होण्याआधी जातात, हे कित्येक देशांना त्यातूनच कळायचं. काम खरोखर उत्तम होतं, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त २०२५च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनमध्ये एक बटण दाबलं गेलं आणि कार्यक्रम बंद पडला. पुढे दुसऱ्या दात्यांनी थोडी ठिगळं लावली. पण तुम्ही शिकायचं ते हे, की आकडा त्यांचा असला तरी मीटर आपल्या घरात हवा.

या भानगडीत जन्म-मृत्यूच्या नोंदवहीकडे चुकूनही वळू नका. ते काम कंटाळवाणं, रोजचं, आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही. जगात पाच वर्षांखालची सुमारे १५ कोटी मुलं कुठल्याच सरकारी वहीत नाहीत. त्यांच्यासाठी निर्देशक आहे, तेवढं पुरे.

जनगणनेचं विचाराल तर ती काँगोकडे मागून बघा. तिथली शेवटची जनगणना १९८४ची. तेव्हा त्या देशाचं नाव झैरे होतं. डोकी किती ते चार दशकांत कुणी मोजलेलं नाही, पण तुमच्या अहवालात दरडोई आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत द्या, भारदस्त दिसतो. नायजेरियात मात्र जपून. तिथे डोक्यांवर खासदार आणि पैसा दोन्ही ठरतात, म्हणून शेवटची गणना २००६ची आणि २०२३ची पुढे ढकललेली. कुणी विचारलंच की तुमच्या देशात २०११ नंतर काय झालं, तर चहा मागवा.

नायजेरियाचंच निघालं म्हणून सांगतो. २०१४च्या एप्रिलमधल्या एका रविवारी त्या देशाची अर्थव्यवस्था ८९ टक्क्यांनी वाढली. तोवर हिशेब १९९०च्या पायावर, म्हणजे त्या वर्षीच्या अर्थव्यवस्थेच्या मापाने, चालला होता. मोबाइल, सिनेमे, सेवा यांना त्यात धड जागाच नव्हती. पाया बदलला आणि नायजेरिया दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून खंडात पहिला आला. सोमवारी लागोसमध्ये भाजी त्याच भावाने मिळाली. हिशेब नवा होता तो बरोबरच होता, चुकीचा होता तो आधीची वीस-बावीस वर्षं सगळ्यांनी मान डोलावून वापरलेला. त्या वर्षांतले सल्ले मागे घ्यायचे का, असला पोरकट प्रश्न बैठकीत काढू नका. टांझानियाने २०१८ मध्ये सरकारी आकड्याला खोटं पाडणारा आकडा छापणं हाच गुन्हा ठरवला होता. वर्षभरात बाहेरून डोळे वटारले गेले आणि कलम मागे घ्यावं लागलं, पण कल्पकतेला दाद द्यायला हवी.

शेवटी एका प्रकारच्या माणसापासून सावध राहा. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे तसे होते. लंडनला शिकून आलेला हा गृहस्थ पिकाचा अंदाज घ्यायला शेतात जायचं म्हणे. तुकडा आखायचा, पीक कापायचं, झोडायचं, वजन करायचं. तुकडा केवढा असावा यावरून थेट भारतीय सांख्यिकीचे जनक म्हणवल्या जाणाऱ्या महालनोबिसांशी वाद. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा लहान धरला की कडेची रोपं नकळत आत घेतली जातात आणि उत्पन्न फुगतं. कडेचं रोप आत की बाहेर, यावर दोन मोठी माणसं भांडली! पुढे सुखात्मे रोमला अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले, म्हणजे असल्या माणसांची वर्णी एकेकाळी तिथेही लागत होती. आपल्याकडे पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर, हे पीक न बघता सांगणारे कितीतरी अनुभवी लोक आहेत. त्यांना शिष्टमंडळात घ्या.

आणि हो, उन्हातून दारोदार फिरलेला एखादा प्रगणक तुम्हाला हॉटेलच्या पायऱ्यांवर गाठेल. हातात फॉर्मांचा गठ्ठा असेल. गेल्या वेळचा भत्ता अजून मिळाला नाही म्हणेल. त्याचं नाव 'भागधारकांशी संवाद' या सदरात लिहून घ्या आणि विमानतळाची गाडी किती वाजता येणार तेवढं त्यालाच विचारा. त्याला बरोबर माहीत असतं.