खुलासा : ग्रामसभेची ती क्लिप विनोदी श्रुतिकेतली

"बोअरवर कर लागला, विरोध करणाऱ्या सदस्याचं पद सरपंचानं जागेवरच रद्द केलं," अशा मजकुरासह एक ऑडिओ परभणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो रेडिओवरच्या विनोदी श्रुतिकेतला तुकडा आहे. मी अख्खा भाग ऐकला. सुरुवातीची धून आणि निवेदन कुणीतरी कापलंय. पुढं हाच सरपंच शेजारगावच्या जत्रेला 'परदेश दौरा' म्हणतो आणि कोतवालाला परराष्ट्रमंत्री करून टाकतो! टोला सरळ दिल्लीला आहे. बोली मात्र अस्सल आपल्याकडची, त्यामुळं भलेभले फसले.

शिवाय सदस्य अपात्र ठरवायचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो, सरपंचाकडे नाही.

क्लिप पुढं ढकलू नका. आधीच पाठवली असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.