थरथर थांबत नाही, मान सरळ होते

इंदूरच्या मराठी घरांतून सध्या एक निरोप फिरतो आहे: बाळाचे डोळे थरथरतात म्हणजे स्नायू सैल पडलेत, दोन वर्षांच्या आत ऑपरेशन करून ते आवळून घेतले की थरथर कायमची जाते, चष्माही सुटतो. यातलं एकही विधान खरं नाही.

स्नायू धडधाकट असतात. बिघाड असतो तो नजर स्थिर ठेवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत. पुष्कळदा या थरथरीमागे दृष्टिपटलाचा किंवा नेत्रनाडीचा जन्मजात दोष, अल्बिनिझम (त्वचेत-डोळ्यांत रंगद्रव्य कमी असणं) किंवा जन्मजात मोतीबिंदू असतो. हा बिघाड स्नायू आवळल्याने जात नाही.

मग ऑपरेशन कशासाठी? बऱ्याच मुलांची थरथर एका ठराविक दिशेला पाहताना सर्वांत कमी होते. ती दिशा उजवी असेल, तर मूल चेहरा डावीकडे वळवून डोळ्यांच्या उजव्या कोपऱ्यातून टीव्ही बघतं. अशा वेळी पार्क्स या नेत्रतज्ज्ञाने ठरवलेल्या मापाप्रमाणे उजव्या डोळ्याचा बाहेरचा स्नायू 7 मिमी मागे सरकवतात आणि आतला 6 मिमी आखूड करतात; डाव्या डोळ्याचा आतला 5 मिमी मागे, बाहेरचा 8 मिमी आखूड. दोन्ही डोळे डावीकडे वळतात आणि ती कमी थरथरीची दिशा, म्हणजेच ‘शांत जागा’, समोर येते. मान फार वळत असेल तर हे आकडे 40 ते 60 टक्के वाढवावे लागतात. नजर थोडी सुधारू शकते, पण मूळ फायदा मानेला.

सर्वांत मोठी फसगत इथेच होते. काही मुलांत ही शांत जागा मिनिटामिनिटांनी बाजू बदलते. एकदाच घाईत पाहिलं तर हे निसटतं आणि ऑपरेशननंतर मान उलटी वळते. म्हणून तपासणीला मोबाइलमधले सहज काढलेले फोटो न्या. स्टुडिओतले नकोत, तिथे मान सरळ करून घेतलेली असते. ऑपरेशननंतर मान पुन्हा थोडी वळणं, तिरळेपणा किंवा दोन-दोन दिसणं हेही घडू शकतं.

चष्म्याचा नंबर डोळ्याच्या घडणीवर ठरतो. आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर काढायचा, तो चष्मा लावूनच मानेचं माप घ्यायचं.

दोन वर्षांची घाई तर नकोच. मापं भरवशाची मिळायला मूल बहुधा चार-पाच वर्षांचं व्हावं लागतं. घाई करायची ती थरथर मोठेपणी नव्याने सुरू झाली, एकाच डोळ्यात असली किंवा चालताना तोल जात असला तर. तेव्हा मेंदूची तपासणी लगेच हवी.

तोवर उजवीकडे बघणाऱ्या मुलाला वर्गात डाव्या बाजूच्या बाकावर बसवा, म्हणजे फळा त्याच्या उजवीकडे येईल. आणि ‘मान सरळ ठेव’ म्हणून रागावू नका, त्याला तसंच नीट दिसतं.