ढोल, ढोरं आणि पिवळी पाटी

आमच्या पथकात चोवीस ढोल. गणपती जवळ आले की ते पंचवटीतून कॉलेज रोडला न्यायचं टेम्पोवाला जे भाडं सांगतो, ते ऐकून ढोल सोडून कपाळच बडवावंसं वाटतं. म्हणून यंदा मी जुनी आयशरच घेतली. नऊ वर्षं पळालेली, मालासकट वजन सात टन. दारात उभी केली तर ही म्हणाली, "लावणार कुठे? देवघरात?"

माझा बेत सरळ होता. भाडं मारायचं नाही. आपले ढोल, आपली गाडी. म्हणजे गाडी घरगुती. पिवळी पाटी उतरवायची, पांढरी चढवायची. आरटीओत गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० देताना खिडकीतल्या ताईंना तसं सांगूनही टाकलं.

ताई समजूतदार निघाल्या. "काका, गाडी मालासाठीच बांधलेली आहे ना? मग तुम्ही भाडं घ्या नाहीतर घेऊ नका, ती मालगाडीच."

"पण ढोल म्हणजे काय माल झाला?"

१९८८चा मोटार वाहन कायदा त्यांना तोंडपाठ. जिवंत माणसं सोडून गाडीतून जाईल ते सगळं माल, गुरंढोरंसुद्धा. (ढोरं बसली तिथे ढोल बसायला कितीसा वेळ?) मोटारीतलं स्वतःचं सामान तेवढं यातून सुटतं. म्हणजे मेहुण्याच्या कारमध्ये ढोल ठेवला तर ते सामान, तोच माझ्या आयशरमध्ये चढला की माल. मेहुण्याला हे अजून सांगितलेलं नाही, आधीच त्याला कारचा गर्व आहे.

परमिटही लागणार. गाडी तीन टनांच्या आतली असती तर सुटलो असतो.

"आणि रिकामीच फिरवली तर?"

"तरी परमिट लागतंच."

शिवाय आठ वर्षांपुढची म्हणून दरवर्षी फिटनेस. आमच्या घरात दरवर्षी फिट असल्याचा दाखला मिळवणारी आता ती एकटीच.

एक दिलासा मिळाला. साडेसात टनांपर्यंत माझं कारचंच लायसन चालतं, सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्यावर शिक्का मारलाय. तेव्हा गाडी मी बिनधास्त चालवावी, फक्त तिला घरगुती म्हणू नये.

मग घरगुती कशाला म्हणतात, हे विचारल्यावर खरी मजा आली. खासगी नोंदणीच्या यादीत फोर्कलिफ्ट आहे! क्रेन आहे! स्वतःच्या वापराची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, तीही आहे. उद्या मी फोर्कलिफ्टवर बसून कोथिंबिरीची जुडी आणायला निघालो, तर मी सभ्य खासगी वाहनवाला. आयशरमधून स्वतःचा ढोल नेला की मालवाहतूकदार.

कॅम्पर व्हॅन ऐकून मी कान टवकारले. "मागे एक कॉट टाकली तर?"

"गाडीत बदल करायचा तर आधी मंजुरी घ्या, काका. आणि कॉटसुद्धा मालच."

पिवळ्या पाटीसकट घरी आलो. हिला सगळं इत्थंभूत सांगितलं. तिने कढीला फोडणी देता देता ऐकलं आणि गॅस बारीक केला.

"जिवंत माणसं सोडून सगळं माल म्हणाले ना? मग अहो, जेवण झाल्यावर दोन ते चार तुम्ही मागेच पडत जा. कुणी अडवणार नाही."