नोएडाचा दंड, चंदीगडचे दात आणि पुणे मनपाचा शिक्का

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज चार जणांनी चार वेळा टाकला. वर महापालिकेचं बोधचिन्ह, खाली लाल अक्षरांत ‘पुणे मनपाचे नवे श्वान नियम, आजपासून लागू’. आजपासून म्हणजे कुठल्या तारखेपासून, याचा पत्ता नाही. सही नाही, जावक क्रमांक नाही. सेक्रेटरीपद गळ्यात पडल्यापासून मी सरकारी कागद बरेच पाहिलेत. त्यांच्यात शुद्धलेखन नसेल, पण जावक क्रमांक असतोच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पाळीव कुत्रा चावला की मालकाला १०,००० रुपये दंड, शिवाय उपचाराचा खर्च. भटका चावला तर पालिका एका दातामागे १०,००० रुपये देणार. पिटबुल, रॉटवायलर यांच्यावर बंदी. सोसायटीनं ठराव केला की कुत्रं पाळता येणार नाही, लिफ्टमध्येही आणता येणार नाही. रस्त्यावर खायला घालणं गुन्हा. आणि शेवटी, सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये टाकणार.

यातलं काहीही हवेतून आलेलं नाही. प्रत्येक मुद्द्याला कुठंतरी बूड आहे. फक्त ते पुण्यात नाही, किंवा आता उरलेलं नाही, किंवा अर्धंच आहे.

आधी दंडाचं घेतो, कारण त्यावरून आमच्याकडे जे झालं ते डोळ्यांसमोर आहे. बी विंगच्या लिफ्टचं दार उघडलं, आतून दुसऱ्या मजल्यावरचा लॅब्रडॉर झेपावला आणि बाहेर उभ्या असलेल्या काकूंच्या पोटरीला चावला. दोन दातांच्या खुणा, रक्त. पाच मिनिटांत दहा माणसं जमली. कुणी मोबाइल काढून तो मेसेज उघडला आणि मालकाकडे दहा हजार मागितले. मालक म्हणाला, “पालिकेची पावती आणा, देतो.” मग दंड पालिकेनं घ्यायचा की सोसायटीनं, यावर वाद. एका आजींनी हळद आणली. या सगळ्यात वीस मिनिटं गेली आणि जखम धुवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सताई ड्युटीवरून आल्या. त्यांनी काकूंना वॉचमनच्या नळाखाली बसवलं आणि कपडे धुवायच्या साबणानं घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुतली. हळद फेकून दिली.

हा दहा हजारांचा दंड नोएडाचा. तिथल्या प्राधिकरणानं २०२२ च्या नोव्हेंबरात धोरण ठरवलं की १ मार्च २०२३ पासून पाळीव जनावरामुळे कुणाला इजा झाली तर मालकाला १०,००० दंड आणि जखमीच्या उपचाराचा खर्च. नोएडा उत्तर प्रदेशात आहे. तिथल्या प्राधिकरणाचा दंड इथं लागू होत नाही, मग वर चिन्ह कुणाचंही चिकटवा.

याचा अर्थ पुण्यातला मालक मोकळा सुटतो, असा मात्र नाही. आमच्या लॅब्रडॉरवाल्यांचा समज नेमका तसाच होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं आणि दंड होता १,००० पर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे. तरी पोलीस चौकीत एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून बोळवण होते, हा अनुभव आम्हीही घेतला. तेव्हा कलमाचा आकडा पाठ असलेला बरा. मुंबईत वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली अगदी असाच प्रकार झाला होता, लिफ्टमध्ये कुत्रा चावला. मालकाला २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे शिक्षा होते, पण सात वर्षांनी, आणि तीही पुरावा जपून ठेवलेला असेल तर. जखमेचा फोटो, दवाखान्याचा केसपेपर, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग. बऱ्याच सोसायट्यांत ते पंधरा-वीस दिवसांत पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी कॉपी करून घ्यायचं. उपचाराचा खर्च आणि भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा. हे काम मेसेज फॉरवर्ड करून होत नाही.

दारावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी लावली की जबाबदारी संपते, हाही एक खास पुणेरी समज. आपल्याकडे पाटीवर बराच विश्वास. पण समोरच्याचा वकील त्याच पाटीचा फोटो दाखवून विचारेल, कुत्रा चावरा आहे हे तुम्हाला माहीत होतं तर? आणि लिफ्टला तर कुणीच पाटी लावलेली नव्हती.

मेसेजमध्ये परवान्याचा उल्लेखसुद्धा नाही, आणि पुण्यातला खरा नियम तोच आहे. महापालिका हद्दीत कुत्रा पाळायचा तर परवाना घ्यावा लागतो, दर वर्षी नूतनीकरण, सोबत रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र. हे काल-परवाचं नाही, २०२२ मध्ये मांजरंही त्यात आली. अर्ज ऑनलाइन होतो आणि फी इतकी किरकोळ आहे की लक्ष्मी रोडला गाडी लावणं महाग पडावं. आमच्या तीन विंगमध्ये अकरा कुत्री. मी घरोघर विचारत गेलो, तर परवाना दोघांकडे. बाकीच्यांनी ‘असं काही असतं?’ असा चेहरा केला. लॅब्रडॉरकडे परवाना नव्हताच, लसीच्या पुस्तिकेतही शेवटचा शिक्का आठ महिने उलटून गेलेला. परवान्याला अर्ज केला असता तर तिथंच अडला असता. २०२३ च्या केंद्राच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही लिहिलंय की पाळीव जनावराची लस, जंताचं औषध आणि नसबंदी ही जबाबदारी मालकाची. पालिकेची नव्हे.

दातांची गोष्ट आणखी मजेशीर. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये भरपाईचं सूत्र घालून दिलं: दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,०००. निकाल खरा, आकडे खरे. पण तो पंजाब, हरियाणा आणि चंदीगडसाठी. आपलं उच्च न्यायालय मुंबईचं. पुण्यात भटक्या कुत्र्यानं चावा घेतला तर भरपाईसाठी कोर्टात जाता येतं, पण शिवाजीनगरला पालिकेत दात मोजायची खिडकी उघडलेली नाही. पालिकेच्या दवाखान्यांत रेबीजची लस मात्र मिळते. पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरायचा, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काकूंच्या जखमेतून रक्त आलं होतं, म्हणून त्यांना लसीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं) दिलं. पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार कधीच बंद झालाय, त्या भीतीनं घरी बसू नका. कुत्रा घरचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण लस त्याआधीच सुरू करायची.

पिटबुल-रॉटवायलरचं दोन ओळींत. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं १२ मार्च २०२४ ला राज्यांना पत्र पाठवून २३ जातींवर बंदी सुचवली होती. कर्नाटक उच्च न्यायालयानं १० एप्रिलला ते परिपत्रक रद्द केलं, कारण कुणाशी सल्लामसलतच केली नव्हती. आमच्या घटनेत चावला तो लॅब्रडॉर, ज्याला सगळे ‘गरीब बिचारा’ म्हणत होते.

आता सोसायटीचा ठराव. हा मुद्दा माझ्या खात्यातला, त्यामुळे थोडं जास्त बोलतो. एजीएममध्ये दोन-तृतीयांश हात वर झाले की काहीही ठरवता येतं, असं बऱ्याच कमिट्यांना वाटतं. केरळ उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की रहिवाशांना पाळीव प्राणी ठेवायला मनाई करणाऱ्या तरतुदी घटनाविरोधी आहेत. तो निकालही मुंबई न्यायालयाचा नाही, दातांना लावला तोच नियम इथंही लावतो. पण कुठल्याही न्यायालयात तुमच्या ठरावाविरुद्ध तो वाचून दाखवला जाईल. शिवाय भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानं २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्यात. बहुमतानंही बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, मुसक्याची सक्ती करता येत नाही. दुसरी लिफ्ट असेल तर ती वापरायची विनंती करता येते. सूचना म्हणजे कायदा नव्हे, हे खरं. म्हणून कुत्रेवाल्यांनीही तो कागद नाचवू नये. त्याच कागदात त्यांना बाहेर पट्टा बांधा आणि शी उचला असंही सांगितलंय, तेवढं पान कुणी ग्रुपवर टाकत नाही.

आम्ही बंदीचा विषय सोडला आणि तीन गोष्टी ठरवल्या. परवान्याची आणि लसीची प्रत ऑफिसात द्यायची, लिफ्टमध्ये पट्टा हाताला गुंडाळून आखूड धरायचा, आणि दार उघडल्यावर आधी बाहेरच्या माणसाला विचारायचं. मुसकं बांधा म्हणून हटून बसलेल्या काकांना मी एवढंच म्हटलं की त्या दिवशी पट्टा सहा फूट सैल होता.

खायला घालणं गुन्हा, हा मुद्दा अर्धा बरोबर निघाला, आणि मला तो आधी पूर्ण चूक वाटत होता. २०२३ च्या नियमांनी खायला घालणं मान्य केलंय. जागा मात्र ठरवून द्यायची, जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर, वेळ मुलं आणि वृद्धांची वर्दळ टाळून, आणि सांडलेलं खायला घालणाऱ्यानं उचलायचं. मग २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं रस्त्यावर कुठंही खायला घालायला मनाई केली आणि पालिकांना प्रत्येक प्रभागात त्यासाठी जागा ठरवायला सांगितलं. म्हणजे माणुसकी गुन्हा ठरलेली नाही, गेटसमोरची जागा चूक ठरली आहे. आमच्याकडे एक मावशी रात्री साडेनऊला नेमकं गेटसमोर भात-पाव ठेवायच्या. त्याच वेळी डिलिव्हरीवाली मुलं येतात, आणि कुत्र्यांना वाटतं ती आपल्या ताटावर आलीत. आता ताटल्या विजेच्या डीपीपलीकडच्या मागच्या भिंतीला जातात. भांडणं थांबली, निदान ती तरी.

राहिलं सगळ्यांना उचलून नेण्याचं. यात तीन तारखांची भेळ झालीय. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठानं दिल्ली आणि परिसरातली भटकी कुत्री शेल्टरमध्ये हलवायला सांगितलं. अकरा दिवसांत मोठ्या पीठानं ते बदललं: नसबंदी, लस, जंताचं औषध, आणि मग जिथून उचललं तिथंच परत. अपवाद रेबीज झालेल्या किंवा तशी शंका असलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा. त्याच वेळी विषय देशभरासाठी खुला केला. ७ नोव्हेंबरला आणखी एक भर पडली, शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवायची आणि तिथं परत सोडायची नाहीत. मेसेजवाल्यानं पहिली तारीख धरली आणि पुढच्या दोन वाचल्याच नाहीत. या प्रकरणात आदेशाआधी तारीख वाचायची.

“पालिकेनं नेलं आणि परत आणून सोडलं” ही पुण्यातली सगळ्यात जुनी तक्रार. चिडण्यासारखी आहे, पण सोडणारा माणूस नियमच पाळत असतो. जागा रिकामी झाली की शेजारच्या गल्लीतली नसबंदी न झालेली कुत्री तिथं येतात, हे त्यामागचं कारण. आमच्या चहाच्या टपरीवरच्या काळ्याचा कान टोकाला कापलेला आहे. लोकांना वाटतं भांडणात फाटला, पण ती नसबंदीची खूण. फोन करण्याआधी कान बघा. सहा महिन्यांखालची पिल्लं नसबंदीसाठी नेतच नाहीत, त्यामुळे ‘पिल्लं उचला’ ही तक्रार तशीच पडून राहते. कुत्रा पिसाळल्यासारखा वाटला, लाळ गळते, दिसेल त्याला चावतो, तर मात्र लगेच कळवा. नियमानुसार त्याला मरेपर्यंत वेगळं ठेवतात. स्वतः काठी किंवा विष घेऊन जाऊ नका. जनावर मारणं, त्याला विष घालणं यावर न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे कुत्रा सैल सोडणाऱ्यापेक्षा जास्त.

आणि एक गोष्ट मेसेजमध्ये यायला हवी होती, ती आलीच नाही. तळजाई टेकडीच्या वाटेवर मला दोनदा गळ्यात पट्टा असलेली महागडी कुत्री भटकताना दिसली आहेत. सोडून दिलेली. याला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. दहा रुपयांत आता टपरीवर दोन चहासुद्धा धड येत नाहीत.

लॅब्रडॉरच्या मालकांनी काकूंच्या रिक्षाचे आणि औषधांचे पैसे दिले, कुणी न मागता. परवान्याचा अर्ज भरायला माझ्याकडेच आले. कुत्र्याचा फोटो लागतो, आणि ते धूड काही एका जागी बसेना. काकूंचा शेवटचा डोस झाला त्या संध्याकाळी तोच मेसेज ग्रुपवर पाचव्यांदा आला. अजूनही ‘आजपासून लागू’.